घर विकताना वणव्याचे कोण सांगणार?

मोलगी (ता. अक्कलकुवा) : घर बघायला माणूस चैत्र-वैशाखात येत नाही. भगर, ज्वारी घरात आली, दिवाळी झाली, हातात चार पैसे खुळखुळू लागले की घराची बोलणी निघतात. देवगोईचा घाट चढून वर आले की त्या दिवसांत दोन्ही अंगांचा डोंगर अजून हिरवा-पिवळा असतो, नाल्यांना पाणी असते. घरधनी कौले दाखवतो, सागाचे खांब थोपटून दाखवतो, झरा कुठे ते दाखवतो. मोहाची न् आंब्याची झाडे कोणाच्या वाट्याची तेही सांगतो. चहा होतो, दोन पंच बसतात, विसार दिला जातो. सगळे सांगून झालेले असते. एकच गोष्ट राहते. होळीनंतर मागच्या उतारावरून आग कुठवर येते, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही.

यात कोणी लबाडी करतो असे म्हणायचे नाही. सातपुड्यात वणवा इतका नेहमीचा की ती सांगायची गोष्ट आहे असे कोणाला वाटतच नाही. पाऊस पडतो हे कोणी सांगतो का? पण घर घेणारा दर वेळी शेजारच्याच पाड्याचा असतो असे नाही. आश्रमशाळेत नोकरी लागून खालून वर आलेला शिक्षक असतो, धरणाच्या पाण्यात गाव गेलेल्या घरातला पोरगा असतो, सपाटीवरच्या गावातला नातेवाईक असतो. त्याने डोंगर हिरवा बघितलेला असतो, पेटलेला नाही. पहिला उन्हाळा त्याला सांगतो, पण तोवर पैसे देऊन झालेले असतात.

आग येते कशी

वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरते. या काळात पानगळ झालेली असते, गवत वाळून कोळ झालेले असते. आपल्याकडे विजेने जंगल पेटले असे क्वचितच होते, पेटवतो तो माणूसच. मोहाची फुले नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. गवताला लवकर कोंब यावेत, तेंदूला पालवी चांगली फुटावी म्हणून पेटवतात. बांधावरचा कचरा जाळायला घेतला न् वारा सुटला, असेही होते. विडीच्या थोटकाचे तर विचारूच नका. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, आणि ज्यांना वनात हक्क वा सवलती आहेत त्यांनी आग विझवायला मदत केली पाहिजे असे कलम ७९ सांगते. ही कलमे वनरक्षकाला पाठ असतात. पण ज्याचे घर जळते त्याला त्यांचा उपयोग थोडा.

आता घराचे बघा. आपल्या पाड्यावरची घरे गावठाणासारखी एकाला एक लागून नसतात. ज्याचे शेत त्याच्या शेतात, टेपाडावर किंवा उताराच्या माथ्याला घर. राहायला हवेशीर, राखणीला सोयीचे. पण आग चढावर जोराने चढते. ऑस्ट्रेलियातल्या अग्निशमन दलांचा ठोकताळा असा की उतार दर १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. दुपारचा वारा दरीतून वर येतो, तो तिला आणखी हाकतो. म्हणजे आपले माथ्यावरचे घर बरोबर आगीच्या वाटेच्या टोकाला बसलेले असते. खालच्या नाल्यात धूर दिसला न् माणूस म्हणतो, लांब आहे अजून. ते लांब नसते.

दुसरी गोष्ट ठिणगीची. ज्वाळा दाराशी आली तरच घर पेटते असा समज आहे. प्रत्यक्षात पुष्कळ घरे ज्वाळेने नव्हे, वाऱ्याने उडत आलेल्या निखाऱ्याने पेटतात. कौलारू घराला पागोळीच्या बाजूने फटी असतात, चिमण्या शिरतात त्याच. निखारा तिथून आत शिरतो, माळ्यावरच्या वाळक्या सामानात पडतो आणि घर आतून धरते. बाहेर अंगणात माचावर कडबा, भिंतीला लागून सरपण न् तुराट्या, कुडाच्या भिंतीला जिथे लेप उडालाय तिथे उघडा बांबू. तळोदा किंवा नंदुरबारहून बंब निघाला तरी घाट चढून, पाड्याची वाट शोधून येईपर्यंत काय उरते ते ज्याने पाहिले त्याला सांगायला नको. आणि बंबाला पाणी भरायचे कुठून? कार्तिकात वाहणारा झरा एप्रिलात वाटीभर झिरपतो.

आधी हे, की घर विकता येते का

घर विकताना काय सांगावे हे नंतर. मुळात आपल्या भागात कोणते घर विकता येते याचाच घोळ फार आहे.

अक्कलकुवा नि अक्राणी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीच्या नावावरची जमीन बिगर आदिवासीला विकता, बक्षीस देता वा गहाण ठेवता येत नाही. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते, आणि विक्री असेल तर त्यावर शासनाची मान्यताही लागते. हे कलम १९७४ सालापासून आहे, तरी स्टॅम्पपेपरवरचे व्यवहार थांबलेले नाहीत.

वनपट्ट्याचे तर याहून स्पष्ट आहे. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ४ (४) मध्ये सरळ म्हटले आहे की हा हक्क वारसाने जाईल, पण विकता वा हस्तांतर करता येणार नाही. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने असतो. त्या जमिनीवर बांधलेले घर कोणी ‘विकत’ घेतले, तर त्याने घेतली ती फक्त कौले आणि लाकूड. जागा घेतलेली नाही. सातपुड्यात घर उकलून लाकूड दुसरीकडे नेण्याची चाल जुनी आहे. सरदार सरोवरात गेलेल्या गावांच्या लोकांनीही घराचे खांब-तुळया तळोद्याकडच्या वसाहतीत नेल्या. पण सागाचे लाकूड हलवायचे तर वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो, हे लक्षात असू द्यावे.

मग राहते काय? मोलगीच्या बाजारपेठेतली बिगर आदिवासींची आपसातली घरे, गावठाणातली घरे, आणि आदिवासीने आदिवासीला मालकीच्या जमिनीवरचे घर देणे. शंभर रुपयांवरच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५४ म्हणते. आज शंभर रुपयांत घराचे दारही येत नाही, तेव्हा प्रत्येक विक्री नोंदवलीच पाहिजे. नोटरीकडे केलेली सौदापावती म्हणजे खरेदीखत नव्हे. हे शंभरदा छापून झाले असेल, पण अजून छापायची गरज आहे.

कलम ५५ काय म्हणते

आता मुद्द्यावर येऊ. त्याच १८८२ च्या कायद्यात कलम ५५ आहे. करारात वेगळे काही ठरले नसेल, तर विकणाऱ्याने काय करायचे नि घेणाऱ्याने काय करायचे याची ती यादी आहे. त्यातले पहिलेच कर्तव्य असे : मालमत्तेत किंवा मालकीत एखादा महत्त्वाचा दोष असेल, तो विकणाऱ्याला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि साध्या काळजीने बघूनही त्याला कळण्यासारखा नसेल, तर तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. न सांगितले तर कलमाच्या शेवटी शब्द आहे तो ‘कपट’. चूक नव्हे, विसर नव्हे, कपट.

या कलमात ‘वणवा’ हा शब्द नाही, हे खरे. वणव्याची भीती म्हणजे मालमत्तेतला दोष होतो का, यावर वकील दोन्ही बाजूंनी भांडतील. घराच्या मागे जंगल आहे हे तर आंधळ्यालाही कळते, ते सांगायची गरज नाही, असे विकणारा म्हणेल. आणि तेवढ्यापुरते त्याचे बरोबर आहे. जे डोळ्यांना दिसते ते कायदा सांगायला लावत नाही.

पण जे दिसत नाही त्याचे काय? मागच्या उन्हाळ्यात गोठा जळाला होता आणि नवा उभा केला, हे दिसत नाही. आतल्या खांबाचा बुंधा जळून पोकळ झालाय, वरून तासून शेणमातीचा ताजा लेप दिलाय, हे दिसत नाही. वनखात्याची जाळरेषा पूर्वी घरामागून साफ व्हायची, आता दोन-तीन सालांत कोणी झाडली नाही नि तिच्यावर गवत गुडघ्याएवढे वाढते, हे कार्तिकात आलेल्या माणसाला कसे कळणार? त्याला सगळीकडेच गवत दिसते. झरा फाल्गुनात आटतो, हेही त्यातलेच. घराची आग लागल्याची नोंद तलाठ्याकडे झाली होती, मदतही मिळाली होती, पण घर त्या पैशात पुरते दुरुस्त झालेच नाही, हे तर फक्त घरधन्याला ठाऊक.

आमचे म्हणणे एवढेच की कलम ५५ मधली ‘साधी काळजी’ ही ऋतूप्रमाणे बदलते. चैत्रात जे पाड्यावरच्या पोराला कळेल ते पावसाळ्यात जाणत्यालाही कळणार नाही. कोर्टात हे टिकेल की नाही हे कोर्ट ठरवील. पण ज्याला कोर्टाची पायरी चढायचीच नाही त्याने हे खरेदीखतात लिहून टाकणे स्वस्त पडते, आणि यात विकणाऱ्याचाच फायदा आधी आहे. ‘सांगितले तर घर कोण घेईल?’ असे लोक विचारतात. घेणारा घेतोच, फार तर भावात घासाघीस करील. पण न सांगता विकले, पुढच्या होळीला गोठा जळाला न् घेणारा भांडायला आला, तर जातपंचापासून कोर्टापर्यंत किती चकरा होतील याचा हिशेब मनाशी करावा.

पंचनाम्यात नाव कोणाचे

याहून मोठा पेच पैशांचा आहे. तो बहुतेकांना जळाल्यानंतरच कळतो.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांत आग ही मदतीला पात्र आपत्ती आहे. पूर्ण नष्ट झालेल्या घराला, कच्चे असो वा पक्के, सपाटीवर १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये. पण तेच घर ‘झोपडी’ ठरले तर ८ हजार रुपये. गोठ्याला ३ हजार. आणि अट अशी की घर अधिकृत बांधकाम असल्याचे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केलेले पाहिजे.

म्हणजे बघा, एका शब्दाने १ लाख २२ हजारांचा फरक पडतो. हा शब्द ठरवताना ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, हाताशी असलेला पहिला कागद असतो. बांधकाम कसले आहे ते त्या नोंदवहीत लिहिलेले असते : झोपडी वा मातीचे, दगड-विटांचे मातीतले, सिमेंटचे, आरसीसी. घरपट्टी कमी बसावी म्हणून वर्षानुवर्षे ‘झोपडी’ चालू ठेवलेली असते. विकणाऱ्याने चार रुपये वाचवले, घेणाऱ्याने ते विचारले नाही, आणि आग लागल्यावर तोच शब्द समोर येतो. तेव्हा भांडणे अवघड जाते.

आणि नाव? खरेदी नोंदवलेली नाही, फेरफार नाही, नमुना ८ वर जुनाच घरधनी. पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आले (पदनामे आता बदलली, पण पाड्यावर अजून हीच चालतात) की प्रश्न निघतो, घर कोणाचे? राहणारा म्हणतो माझे. कागद म्हणतो त्याचे. मदत जुन्या मालकाच्या खात्यात जाण्याची धास्ती, नाहीतर दोघांपैकी कोणालाच नाही. हेही ध्यानात ठेवावे की नमुना ८ हा कराचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणातल्या घरासाठी ड्रोन मोजणीची स्वामित्व योजना एप्रिल २०२० पासून सुरू आहे, तिच्यातून मिळकत पत्रिका वा सनद मिळाली असेल तर ती बघावी. पाड्यावरची शेतातली घरे मात्र गावठाणाबाहेर पडतात, त्यांना त्या योजनेचा आधार नाही.

म्हणून घर घेणाऱ्याने वणव्याबरोबर हाही प्रश्न विचारावा : पूर्वी आगीचा पंचनामा झाला आहे का, आणि त्यात घर काय म्हणून लिहिले आहे? पंचनाम्याची नक्कल मिळाली तर आग कोणत्या बाजूने आली हेही त्यातच सापडते.

साहेबाच्या देशात

हे सगळे आपल्याच डोंगरातले रडगाणे आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०१८ मध्ये पॅराडाइज नावाचे गावच्या गाव वणव्यात गेले. ८५ माणसे मेली, सुमारे १८ हजार इमारती जळाल्या. दुसऱ्या वर्षी, २०१९ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदा केला की आगीच्या जास्त धोक्याच्या पट्ट्यात २०१० पूर्वी बांधलेले घर विकताना मालकाने घेणाऱ्याला लेखी सूचना दिली पाहिजे. घराला आग कुठून धरू शकते यातले जे त्याला माहीत आहे ते सांगायचे. छताला हवेची जाळी कशी आहे, पन्हाळीवर झाकण आहे का, भिंतीपासून पाच फुटांत जळण्यासारखे काही आहे का, छपराच्या कडेला पाखरे शिरतात ती भोके बुजवली आहेत का! शेवटचे वाचून आम्हाला हसू आले. आपल्या पागोळीतल्या चिमण्यांच्या फटी त्यांच्या कायद्यात जाऊन बसल्या आहेत. घराभोवती १०० फुटांपर्यंत झाडोरा नियमाप्रमाणे साफ केला आहे का, याचा कागदही तिथे विक्रीच्या वेळी द्यावा लागतो.

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात आणखी सोपे आहे. घराच्या विक्री कराराला नगर परिषदेचा दाखला जोडावा लागतो, आणि जमीन वणव्याच्या पट्ट्यात येते की नाही हे त्या दाखल्यात छापलेले असते. विकणाऱ्याच्या तोंडावर विसंबायलाच नको.

याने आगी थांबल्या असे नाही. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजलिसच्या अंगावर वणवे आले, त्यात १६ हजारांवर इमारती गेल्या. कागद आग विझवत नाही. पण घर घेणाऱ्याने पहिल्या दिवशी पाच फुटांतले सरपण हलवायचे की नाही, हे त्या कागदाने त्याला कळते, एवढे खरे. आणि त्यांच्याकडे विमाही असतो. आपल्या पाड्यावर विमा कोण उतरवतो? त्यामुळे आपल्याला सांगण्याची गरज त्यांच्याहून जास्त.

काय लिहावे, कोणी लिहावे

नव्या शासन निर्णयाची वाट बघत बसण्यासारखे यात काही नाही. खरेदीखतात विकणाऱ्याला ‘लिहून देणार’ आणि घेणाऱ्याला ‘लिहून घेणार’ म्हणतात. चतु:सीमा लिहून झाल्या की खाली असा मजकूर दस्तलेखकाला घालायला सांगावा. गरजेप्रमाणे फेरबदल करावा :

“सदर घराच्या पश्चिमेस व उतारावर राखीव वन असून, सन अमुकच्या उन्हाळ्यात वणवा सदर घरापासून सुमारे इतक्या हातांवर आला होता, त्यात गोठा जळाला व त्याचा पंचनामा झाला आहे, त्याची नक्कल लिहून घेणार यांस दिली आहे. घराच्या लाकडी बांधणीपैकी अमुक खांबास आगीची झळ लागलेली आहे. नजीकचे पाणी फाल्गुनअखेर आटते. घराभोवती इतक्या हातांचा पट्टा दरवर्षी साफ करावा लागतो. हे सर्व लिहून देणार यांनी समक्ष सांगितले व लिहून घेणार यांनी समजून घेतले आहे.”

पाच-सहा ओळी आहेत. आग कधीच आली नसेल तर तसे लिहावे, पण खोटे लिहू नये, कारण तेव्हा तोच कागद उलटतो. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, तो पाड्यावर येऊन गवत बघत नाही, तेव्हा हे लिहवून घेण्याचे काम दोन्ही पक्षांचे.

ग्रामपंचायतींनी करण्यासारखेही एक काम आहे. नमुना ८ ला वणव्याचा रकाना नाही आणि तो वाढवणे ग्रामपंचायतीच्या हातात नाही. पण साधी शंभर पानी वही कोणी अडवलेली नाही. आगीचा हंगाम जूनमध्ये संपतो आणि १५ ऑगस्टला ग्रामसभा असतेच. त्या दिवशी पाड्यापाड्याचे कारभारी सांगतील, पोलीस पाटील नि वनरक्षक शेजारी बसतील, आणि कोणत्या पाड्यावर आग कोणत्या बाजूने, कोणाच्या घरापर्यंत आली ते लिहून सह्या करायच्या. पुढे कोणी घराचा उतारा मागायला आला की त्या वहीतली नक्कल सोबत द्यायची. ज्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाला आहे त्यांच्यावर वन राखण्याची जबाबदारी वनहक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे आहेच, त्यांना तर ही वही दोन्हीकडे कामाला येईल. मोहाखाली पाचोळा न जाळता जुने लुगडे वा जाळी अंथरावी, हा ठरावही त्याच दिवशी करता येईल.

या वहीत बायकांना विचारून लिहावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. पहाटे मोह वेचायला त्या जातात, सरपणाला त्या जातात, झऱ्यावर त्या जातात. आग कुठून वर चढते आणि कुठे अडते हे त्यांना कारभाऱ्यापेक्षा नेमके ठाऊक असते. वनपट्ट्यावरची घरे विकता येत नाहीत, ती वारसाने नाहीतर भाऊवाटणीने जातात. तिथे खरेदीखत नसते, सांगणारी आईच असते. नवी सून घरात आली की तिला विहीर दाखवतात, तशी आगीची बाजूही दाखवावी.

उपग्रहाचीही मदत घेता येते. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगींची सूचना २००४ पासून राज्यांच्या वनखात्यांना जाते, आणि मोबाईलवर नाव नोंदवले तर ती कोणालाही मिळते. घर घ्यायचे असेल त्याने शिकल्या पोराला बसवून ‘वन अग्नी’ या संकेतस्थळावर त्या भागातल्या आगीचे ठिपके बघावेत. मात्र एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ३७५ मीटरचा, काही वेळा किलोमीटरभराचा चौकोन असतो. त्यातून टेकडी कळते, घर कळत नाही. घराचे घरधन्यालाच विचारावे लागते. आग दिसली तर वनखात्याचा हेल्पलाईन क्रमांक १९२६ आहे, आणि मोलगीकडच्या वनाचा कारभार तळोद्याच्या मेवासी वनविभागाकडे आहे.

बाकी, विसार देण्याआधी घर एकदा होळीनंतर येऊन बघता आले तर उत्तम. तेवढा दम धरवत नसेल, तर निदान उजेडात जाऊन मागच्या अंगाच्या खांबांना बुंध्याशी लेप खरवडून बघा. सागाचा रंग काळा निघाला, तर चहा ठेवून पुन्हा बोलायला बसा.